देवळाची सतरंजी, चंद्रभानच्या घरची

बसा, पाय पुसून बसा. मी सतरंजी बोलतेय. तेल्हाऱ्याजवळच्या एका गावातल्या मारुतीच्या देवळाची. अमरावतीला जयवंताबाईंनी मला हातमागावर विणलं, लाल-निळ्या पट्ट्यांची, बारा हात लांब.

मी देवळाची खरी, पण देवळात कधी राहिले नाही. तिथं छत गळायचं, उंदरांचा सुळसुळाट. म्हणून माझा मुक्काम समोरच्या घरी, चंद्रभानकडे. गंमत अशी, की गावात देव न मानणारा माणूस तो एकटाच! शेतातल्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा. बायको माणिकबाई मात्र रोज दिवा लावायची. त्यानं कधी तिचा दिवा विझवला नाही, तिनं कधी त्याला हात जोडायला लावले नाहीत.

दर शनिवारी तो मला खांद्यावर टाकून देवळात आणायचा. मला अंथरून झालं की स्वतः बाहेर पायरीवर बसायचा. भजनी मंडळाचे प्रमुख खुशालराव, झेंडूची शेती करणारे, त्याला टोचायचे, "चंद्या, समजते काय तुले काही?"

"अर्थ पटत नाही भाऊ, चाल बेस हाय. पन दुसऱ्या कडव्याले तुमी घाई करून राह्यले."

खुशालराव चिडायचे. पुढच्या शनिवारी मात्र सावकाश म्हणायचे. असं तीस वर्षं चाललं.

गेल्या वर्षी चैत्रात, एका सकाळी, चंद्रभान चहा पिता पिता कोसळला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. अमरावतीहून मुलगी प्रतीक्षा आली. तिनं कपाटातला कागद काढला. देह अकोल्याच्या मेडिकल कॉलेजला द्यायचा, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. खाली माणिकबाईची सही होती.

तेवढ्यात अकोटहून चुलतभाऊ श्रावण आला. कागद पाहून तो तडकला. "अग्नी नाही देला त गती कशी भेटन त्याले? वयनी, तुमी तरी काहून सही केली?"

माणिकबाईनं नवऱ्याला शब्द दिला होता. पण गतीची भीती तिलाही होती. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि सारं अंगण तिच्याकडे बघत होतं. प्रतीक्षाही आईकडेच बघत होती.

तेव्हा खुशालराव उठले. सरळ आत आले, कोपऱ्यातून मला उचललं आणि अंगणात अंथरलं. "चंद्रभानले हिच्यावर ठेवा," म्हणाले.

लोक कुजबुजले. देवाची सतरंजी, अन् मयताखाली? श्रावण म्हणाला, "इटाळ होईन ना भाऊ!"

"कायचा इटाळ? तीस वर्सं यानं ही कोरडी ठेवली. देव नाही म्हने, पन लेकरालेबी हिच्यावर चपला घालून जाऊ देलं नाही. आता त्याचा शब्द मी मोडू काय?" मग ते माणिकबाईकडे वळले, आवाज खाली आला. "वयनी, तुमी भिऊ नका. त्याच्या गतीचं मी देवाशी बोलून घेतो."

माणिकबाईला तेव्हा रडू फुटलं. रडतच तिनं मान हलवली. "त्यायच्या मनासारखं होऊ द्या," म्हणाली.

त्याचं ओझं माझ्यावर आलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो माझ्यावर टेकला.

अकोल्याहून गाडी यायला वेळ होता. मंडळी टाळ घेऊन आली, पण दारातच घुटमळली. प्रतीक्षाही बापासारखीच, देव न मानणारी. ती म्हणाली, "बाबांना मंत्र नको होते. पण काका, तुमचं भजन ते कधी चुकवत नव्हते. म्हणा." श्रावणनं थोडा वेळ तोंड फिरवून घेतलं. मग कुणीतरी पुढं केलेले टाळ त्यानं हातात घेतले.

दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी मला नदीवर नेऊन स्वतः धुतलं. शनिवारी मी पुन्हा मारुतीसमोर होते. कोणी बसेल की नाही, अशी मला धास्ती होती. सगळे बसले.

पुढे प्रतीक्षा अमरावतीला परत निघाली, त्या दिवशी श्रावणनं खुशालरावांना विचारलं, "तुमीबी देह देता काय?"

"मी त बाप्पा जळनारच! माहं मन अग्नीत हाय." मग ते प्रतीक्षाला म्हणाले, "पोरी, माह्या वेळी कोनी म्हनन, काहून लाकडं जाळता. तू माह्या बाजूनं बोलजो."

"बोलीन काका," ती म्हणाली.

आता माझा निळा रंग विटलाय, कडेचे दोरे सुटलेत. पण जयवंताबाईंची वीण अजून धरून आहे. माझ्यावर डोळे मिटून बसलेली माणसं मी पाहिली, आणि ज्यानं देवापुढं कधी डोळे मिटले नाहीत त्याचं मायेचं घरही पाहिलं. दोघांनी मला जपलं. याहून जास्त काय मागू?

मागच्या शनिवारी प्रतीक्षा गावी आली होती. भजन चालू असताना देवळाच्या दाराशी उभी राहिली. माणिकबाईनं तिला नमस्कार कर म्हटलं नाही. तिनं फक्त हात धरून तिला जवळ बसवलं, आणि सगळी ओळ थोडी थोडी सरकली.

तुम्हीही कुणी आलं तर असंच सरका. मी पुरते सगळ्यांना.