लिंबांच्या गावातले बर्फाचे फावडे

मित्रांनो, मी बर्फ उपसायचे जुने लाकडी फावडे आहे, आणि माझे जवळजवळ सगळे आयुष्य बर्फ न पडणाऱ्या गावात गेले. हसू आले ना? येऊ द्या. गावालाही कितीतरी वर्षे येत होते.

माझा जन्म वर डोंगरात झाला. सैदअली नावाच्या माणसाने वाळुंजाच्या खोडातून मला एकसंध कोरून काढले आणि माझ्या पात्यात जवसाचे तेल मुरवले, म्हणजे ओला बर्फ चिकटत नाही. आमच्याकडची घरे धाब्याची. लोखंडी फावडे धाब्याची माती ओरबाडते, म्हणून छपरावर लाकडीच लागे. बर्फ पडू लागला की माणसे आपापल्या धाब्यांवर चढत आणि एकमेकांना हाका मारत, "कुणाचं राहिलं रे?" ज्या घरात म्हातारे किंवा आजारी असत, त्यांचे धाबे आधी मोकळे होई. असा नियम कोणी केलेला नव्हता. बर्फाच्या भाराने दोनचार घरे बसल्यावर माणसे आपोआप शहाणी होतात.

मग एका वसंतात सरकारी ट्रक आले. खाली वख्श नदीच्या खोऱ्यात कापूस पिकवायला माणसे हवी होती, म्हणून अख्खे गाव उचलून मैदानात न्यायचे ठरले. गाव काय म्हणते हे कोणी विचारले नाही. ट्रकमध्ये सामान चढत होते, तेव्हा सैदअलीची बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "तिकडं बर्फ पडत नाही म्हणतात. हे कशाला? त्या जागी माझी कढई बसेल."

"बसेल खरी. पण घर तिथंही धाब्याचंच असणार ना?"

"आणि पडलाच नाही बर्फ, तर?"

"तर देवाचे आभार मान आणि यानं शेण ओढ."

असे मी आले मैदानात. उन्हाने माझे तेल सुकले, अंगाला बारीक चिरा पडल्या. कापसाच्या ढिगात पहिल्यांदा पाते घातले तेव्हा मला क्षणभर बर्फच वाटला, पण तो गरम होता. तरी कामाला मी कमी पडले नाही. लाकडाने कापूस तुटत नाही, म्हणून खळ्यावरच्या बायका मला मागून नेत. "सैदअलीचं फावडं आणा गं," अशी हाक आली की माझा ऊर भरून येई.

सैदअलीमागे मी त्याच्या मुलाच्या हाती आले. त्याचे नाव हकनजर. डोंगरात असताना हा पोरगा माझ्या पात्यात बसून उतारावरून घसरत असे, त्यामुळे आमची ओळख जुनी. कापसात त्याचे मन कधी रमले नाही. त्याचा जीव लिंबांत. त्याने घरामागे छातीइतका खोल, लांबलचक खड्डा खणला आणि त्यात लिंबाची झाडे लावली. आमच्याकडे लिंबे अशीच होतात. थंड वारा वरून निघून जातो आणि झाड खाली मातीच्या उबेत राहते. हिवाळा आला की खड्ड्यावर पोपलर झाडाचे वासे टाकायचे, त्यांवर प्लास्टिकचा कागद ताणायचा, आणि वसंतात सगळे पुन्हा उघडायचे. त्या खड्ड्याची माती मी सारखी केली, खत मी पसरले. पहिली लिंबे आली तेव्हा हकनजरने एक लिंबू माझ्या दांड्यावर घासून सुगंध घेतला होता. असे लाड कोणत्या फावड्याचे होतात?

पुढे बाजारातून हलके, चकचकीत फावडे आले. माझा दांडा मधोमध तडकला होता, त्याला तार गुंडाळून मला कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकू म्हणून उभे केले. मित्रांनो, टेकू होणे वाईट नाही, पण कोंबड्या काही मान ठेवत नाहीत. एवढेच सांगते.

आता आमच्या गल्लीतला एक खेळ सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यातूनच झाले. मैदानात बर्फ वर्षातून एखाद्या दिवशी पीठ भुरभुरावे तसा पडतो आणि दुपारपर्यंत विरतो. त्या पहिल्या बर्फाच्या दिवशी लोक एक चिठ्ठी लिहितात, "बर्फ आमचा, मेजवानी तुमची", आणि काहीतरी बहाणा करून ती शेजाऱ्याच्या हाती कोंबून पळतात. चिठ्ठी हातात आली की पुलावाचे पातेले चढवून साऱ्या गल्लीला जेवू घालायचे. चिठ्ठी आणणारा पकडला गेला, तर त्याच्या तोंडाला काजळी फासायची आणि मेजवानी त्याच्यावर. म्हणून त्या दिवशी शहाणा माणूस कोणालाही दार उघडत नाही.

या खेळात हकनजरचा हात धरणारा कोणी नव्हता. एका वर्षी तो शेजारच्या नुसरतच्या दाराशी डोळ्यांत पाणी आणून उभा राहिला. म्हणाला, "गाय अडलीय रे, वासरू पायाकडून येतंय." नुसरत बाह्या सारून धावत बाहेर आला आणि त्याच्या मुठीत चिठ्ठी आली. गल्ली पोट धरून हसली. नुसरतही पुलाव वाढता वाढता हसत होता. "काका, पुढच्या वर्षी घराला आग लागली म्हणालात ना, तरी कडी काढणार नाही मी."

पुढचे वर्ष आले. संध्याकाळी सुरू झालेला बर्फ सकाळ झाली तरी थांबेना. वीज गेली, फोन मुके झाले. तेंदूच्या फांद्या फळांसकट मोडून पडल्या. गल्लीतले बहुतेक मैदानातच जन्मलेले, त्यांनी असे काही कधी पाहिलेले नव्हते. पोरे नाचत होती, बायका परातींनी आणि कढईच्या झाकणांनी अंगणे मोकळी करत होत्या, पण छपराकडे बघायचे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. हकनजर तेवढा वर बघत होता. गुडघाभर बर्फातून तो खुराड्यापाशी आला आणि माझ्यावरची विष्ठा हाताने पुसून म्हणाला, "आहेस होय तू अजून?"

म्हातारपणी कोणी असे विचारले की बरे वाटते.

त्याने मला घेऊन आपले धाबे मोकळे केले. त्याच्या खांद्यांना डोंगरातली ढब अजून आठवत होती. मग तो कडेला उभा राहून शेजारी ओरडला, "नुसरत, धाबं झाड रे. माती भिजली की बसेल खाली."

भिंतीपलीकडून आवाज आला, "नुसरत घरी नाही, काका. दुशान्बेला गेलाय."

"मग बोलतंय कोण?"

"त्याचं भूत. आणि भुतं चिठ्ठी घेत नाहीत."

हकनजर इतका हसला की त्याला ठसका लागला. मलाही तेव्हा ते गमतीचेच वाटले.

मग आम्ही लिंबांच्या खड्ड्याकडे गेलो. कागदावर ओला, जड बर्फ साचला होता आणि वासे मधोमध वाकले होते. तो एका कडेने बर्फ ढकलत आला, पण खड्डा लांब होता आणि वरून पडणे थांबत नव्हते. पलीकडच्या टोकाला एक वासा कुरकुरला. हकनजरची बायको शराफत दारातून म्हणाली, "अहो, या आता आत. लिंबं गेली तर गेली."

"गेली तर गेली? पोरं रशियाला विटा उचलायला गेली तेव्हा कुणाशी बोलत बसायचीस? याच झाडांशी ना?"

त्याने मला बर्फात खोचले, एक जाड वासा खांद्यावर घेतला आणि छताला टेकू द्यायला तो पायऱ्या उतरून खड्ड्यात गेला. मी वर राहिले.

फार मोठा आवाज झाला नाही. धप्प, एवढाच. जिथे छत होते तिथे खळगा दिसू लागला. शराफत अनवाणी धावत आली आणि हाका मारू लागली. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "आहे मी. वासा छातीवर पडलाय, हलता येत नाही. एकटीनं नाही जमायचं तुला. नुसरतला बोलव."

तिने मला उपसले आणि माझाच आधार घेत ती नुसरतच्या दाराशी पोहोचली. माझ्या दांड्याने तिने दार ठोठावले.

"नुसरत, बाबा, दार उघड. काका खड्ड्यात अडकलेत. छत पडलंय त्यांच्यावर."

आतून नुसरत म्हणाला, "या वेळी तुम्हाला पाठवलं होय, मावशी? स्वतः दमले वाटतं."

"खेळ नाही रे हा. पाया पडते तुझ्या."

आतून नुसरतच्या बायकोचा आवाज आला, "उघडा हो. रडतायत त्या."

"गेल्या वर्षी काकाही रडत होते."

शराफतने मला खाली टाकले. बर्फात गुडघे टेकून तिने दाराखालच्या फटीतून दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. "बघ. रिकामे आहेत माझे हात."

"चिठ्ठी बाहीत असते, मावशी," नुसरत म्हणाला आणि आत दोघेतिघे हसले.

मित्रांनो, ते हसणे वाईट माणसांचे नव्हते. हीच माणसे एरवी कोणाच्या घरी ताप आला तर रात्रभर उशाशी बसत. म्हणूनच मला ते विसरता येत नाही.

समोरच्या घराकडे ती वळली, तर तिची चाहूल लागताच तिथे आतून अडसर पडल्याचा आवाज आला. मग ती कोणाच्या दारी गेली नाही. परत आली आणि उपसू लागली. ती ठेंगणी बाई, मी भिजून जड झालेले. खालून हकनजर तिला सांगत होता, "दांडा मध्यावर धर. गुडघ्यानं रेट." थोड्या वेळाने म्हणाला, "नुसरत आला का?"

"येतोय," ती म्हणाली. "बूट घालतोय."

"बरं."

त्यानंतर तो फार बोलला नाही. ती मात्र बोलत राहिली. मुलांची नावे घेत होती, वसंतात छत कसे बांधायचे ते विचारत होती, आणि प्रत्येक प्रश्नानंतर थांबून कान देत होती. जुन्या तडकीपाशी माझा दांडा मोडला. मी किती जोर लावला हे मलाच ठाऊक, पण लाकडाचा जोर तो किती? तिने माझे नुसते पाते दोन्ही हातांत धरले आणि काम चालू ठेवले. तिच्या बोटांचे रक्त माझ्या अंगात मुरले आहे.

दुपारी भिंतीवर एक डोके दिसले. तो नुसरत होता. काकांचे उट्टे काढायला तो भिंतीवरून चोरपावलाने उतरत होता, आणि चिठ्ठी त्याने दातांत धरली होती. उडी मारून तो वळला आणि त्याने शराफतला पाहिले, खळगा पाहिला, माझा मोडका दांडा पाहिला. चिठ्ठी कधी पडली ते त्याला कळलेही नाही. तो ज्या आवाजात ओरडला तो ऐकून सारी गल्ली धावत आली. परातींनी, झाकणांनी, हातांनी सगळे उपसू लागले. इतक्या हातांना ते काम जरासेच होते. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात हकनजर बाहेर आला.

त्याचे अंग अजून उबदार होते. तरी तो गेला होता.

दफनाला नुसरत सर्वांत पुढे खांद्याला होता. नंतर तो रोज शराफतच्या अंगणात येऊन उभा राही. एके दिवशी तीच म्हणाली, "बस बाबा. तू काही वैरानं नाही वागलास. खेळ होता. ते तुझ्या जागी असते ना, त्यांनीही उघडलं नसतं."

ती त्याला धीर द्यायला म्हणाली. पण हे ऐकून तो मोठा माणूस उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडला, आणि त्याला कोणी गप्प केले नाही.

लिंबाची झाडे त्याच थंडीत काळी पडली. मुले रशियातून आली, खड्डा बुजवून पुन्हा परतली. नुसरतने मला तुतीचा नवा दांडा बसवला, जवसाचे तेल लावले आणि शराफतच्या ओसरीवर चांगल्या खुंटीला टांगले. आता माझी निगा फार उत्तम आहे. येणारेजाणारे माझ्याकडे बघतात आणि आवाज खाली करतात. मला ते आवडत नाही. खुराड्याच्या दाराशी होते तेव्हा मी जास्त सुखी होते, कारण तेव्हा तो होता.

पुढच्या हिवाळ्यात नेहमीसारखा पीठ भुरभुरल्याएवढा बर्फ पडला. गल्लीत कोणी चिठ्ठी लिहिली नाही. नुसरत मला घेऊन शराफतच्या धाब्यावर चढला आणि त्याने ते कोपरान्‌कोपरा स्वच्छ केले. खरे तर एवढ्याशा बर्फाला झाडूही पुरला असता.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायचे असते. जपा हवे तर. पण मी कितीही जपलेले असते तरी त्या दिवशी एकटीच्या हातात अपुरेच पडले असते. मला हात हवे होते, आणि हात कडी लावलेल्या दारांच्या आत होते. म्हणून माझे मागणे वेगळे आहे. कोणी दार ठोठावून रडत असेल, तर ते खरे की सोंग याचा आतून विचार करत बसू नका. कदाचित तुम्ही फसाल. लोक हसतील, एक पातेले पुलाव जाईल. जाऊ द्या. आधी दार उघडा.