केशरी कड्यांवरचा गुलाब

शैलेंद्रकाकांनी त्या चतुराच्या शेपटीवर गुलाब ठेवला. खराखुरा नव्हे, फोटोतला. वर सोनेरी अक्षरांत 'शुभ सकाळ', आणि फोटो मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रवाना! दोनशे जणांनी हात जोडले. मी कपाळाला हात लावला.

हा चतुर म्हणजे कुणी ऐरागैरा कीटक नाही, फार दुर्मिळ. दलदलीच्या शेवाळात वाढतो, एप्रिल-मेमध्ये जेमतेम उडतो आणि मग गायब. अंग मळकट, ओळख एकच: शेपटीवरची केशरी कडी. ती स्पष्ट दिसली नाहीत तर सरकारी खातं नोंद मानत नाही. आणि नोंद हवीच होती. इंग्लंडमधल्या आमच्या श्रूजबरीपासून तासाभरावरच्या झुडपांच्या माळावर एका कंपनीला गोदाम बांधायचं होतं. सोमवारपर्यंत कुणी या चतुराची नोंद दिली नाही, तर मधली दलदल बुजवणार.

पीएचडीसाठी दोन वर्षं मी तिथला चिखल तुडवतेय. तो दिसला तो पहिल्यांदाच, आणि नेमका माझ्या पांढऱ्या बाहीवर. उन्हात फिकट रंगावर बसायची त्याला सवय असते. जरा हललं की उडणार. काका माझे घरमालक, मला गाडीने तिथे सोडायला आलेले. त्यांना मी ओठ न हलवता म्हटलं, "काका, तुमच्या फोनवर काढा." एक फोटो निघाला आणि तो उडाला.

"ओरिजिनल कुठाय, काका?"

"डिलीट केला गं. मेमरी फुल झाली होती."

"ट्रॅशमध्ये असेल."

"तेही क्लीन केलं. पण बघ ना, काय मस्त दिसतोय! मंडळातल्या संध्याताईंनी फॉरवर्डपण केला."

माझं डोकं सणकलं. "काका, दोन वर्षं! आणि तुम्ही नेमकी शेपूटच झाकलीत? सगळी दलदल जाणार आता, तुमच्या त्या गुलाबापायी!"

ओट्यापाशी सरलाकाकूंचं लाटणं थांबलं. वडिलांच्या वयाच्या माणसावर ओरडले याची मला जराही लाज वाटली नाही. काका मान खाली घालून जिन्याने वर गेले.

रविवारी सकाळी ते लग्नकार्यातला पांढरा कुर्ता घालून गाडीपाशी उभे होते. "मी खांबासारखा उभा राहतो, अबोली. बसला तर माझ्यावर बसू दे."

मी गाडीत जाऊन बसले. राग गेला नव्हता. माळावर पोचल्यावर तर मी तो पुरेपूर काढला: हात हलवू नका, खोकू नका, फोन खिशातून काढलात तर बघा! दोन तास झाले. ऊन चढलं, घाम त्यांच्या कानामागून ओघळला. मग तो आला आणि कुर्त्याच्या बाहीवर मनगटापाशी बसला.

मी अकरा फोटो काढले.

"आता हलू का?" काकांनी कुजबुजत विचारलं.

गाडीत बसून मी फोटो मोठा केला. सगळी कडी स्वच्छ दिसत होती. बाहीच्या खाली काकांचा हात आला होता. त्यावर चार डास बसलेले, दोन रक्त पिऊन टम्म फुगलेले, आणि आजूबाजूला लाल गांधी उठलेल्या. दोन तासांत त्यांनी एकदाही हात झटकला नव्हता.

नोंदीच्या अर्जात फोटो फक्त कीटकापुरता कापून लावा असं लिहिलं होतं. मी तो तसाच, हातासकट लावला.