कपाटापर्यंत सोबत

दवाखान्याच्या जिन्याखाली उभं राहून काकांनी पहिला फोन केला तो मेव्हण्याला नाही, मुलीलाही नाही, कॉलेजच्या ग्रंथालयाला. बायकोची कामावर जायची वेळ झाली होती, आणि चौकशीच्या टेबलावर कुणी नसलेलं तिला खपत नसे.

"मॅडम आज येणार नाहीत," ते म्हणाले.

"बरं बरं, काका," काउंटरवाला घाईत होता. "मग उद्या?"

"उद्याही नाही."

"मग कधी येतील म्हणून सांगू?"

काका फोन तसाच कानाला लावून उभे राहिले. पलीकडे पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारल्याचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला. "काका?" काउंटरवाल्याचा आवाज एकदम खाली आला. "अहो काका, काय झालं?"

ती गेल्याचं ग्रंथालयाला कळलं ते असं.

दोघं कामाला एकाच ठिकाणी. ती पुढे, दारासमोरच्या टेबलावर. काका मागे, परत आलेली पुस्तकं कपाटांत लावायला. दिवसभर एकमेकांचं तोंड दिसत नसे. संध्याकाळी जेवताना मात्र ती अख्खं ग्रंथालय घरी घेऊन यायची. कुणाचा प्रबंध अडलाय, कुणाच्या बहिणीचं लग्न मोडलं, कोण शिक्षण सोडून दुकानात बसायचं म्हणतोय. काका जेवता जेवता 'हं' म्हणायचे. आता त्यांचं जेवण फार लवकर उरकतं.

काही महिन्यांनी ग्रंथपाल बाईंनी त्यांना बोलावून घेतलं.

"काका, सेवांचं मूल्यमापन चाललंय. समिती विचारतेय, चौकशीचं टेबल हवं कशाला? मॅडम प्रत्येक प्रश्नाची नोंद करायच्या, ती काढून पाहिली. बहुतेक प्रश्न 'अमुक पुस्तकं कुठे आहेत', नाहीतर 'स्वच्छतागृह कुठे आहे'. एवढ्यासाठी पाट्या पुरतात, असं त्यांचं म्हणणं."

"टेबल काढणार?"

"इतक्यात नाही. मूल्यमापन संपू दे."

"तोवर मी बसतो."

काकांच्या तोंडाला कायमचं कुलूप, आणि हा माणूस चौकशीला बसणार! पण नाही म्हणायचं बाईंच्या जिवावर आलं.

काका बसले. कुणी विचारलं की बोट दाखवायचं. इतिहास तिकडे, वर्तमानपत्रं वर, नळ डावीकडे. क्षणात काम फत्ते. दुपारी काउंटरवाला म्हणाला, "काका, एक शिट्टी आणून देतो. चौकच सांभाळा आता."

काका हसले नाहीत. टेबल वाचवायचं तर काहीतरी खरे प्रश्न यायला हवेत, एवढं त्यांना कळत होतं. ते आणायचे कुठून, हे कळत नव्हतं. तिच्या टेबलावर सगळे येऊन नळच विचारत होते, तर घरी येणाऱ्या त्या गोष्टी यायच्या कुठून?

एक मुलगी आली. दप्तर पोटाशी धरलेलं. "आरोग्याची पुस्तकं कुठे असतात?"

काकांनी बोट दाखवलं. मुलगी हलेना.

"दिसलं नाही का?"

"दिसलं. पण मॅडम सोबत यायच्या."

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. निघाले. कपाटांच्या मधल्या बोळात शिरल्यावर, मुलगी काकांकडे न बघता म्हणाली, "माझ्या बाबांचं बोलणं गेलंय. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून. कळतं सगळं, पण शब्द येत नाही. अशा माणसाला घरी बोलायला शिकवायचं एक पुस्तक आहे, मॅडमनी पाहिलं होतं. पातळसं, चित्रांचं. बाजूला काढून ठेवते म्हणाल्या होत्या. मग मीच बाबांच्या मागे अडकले, यायला जमलं नाही."

"आरोग्यात आहे म्हणाली?"

"नाही ना! हसत होत्या. म्हणाल्या, पुस्तकं लावणाऱ्यानं ते भलतीकडेच लावून ठेवलंय, पण माझ्या लक्षात आहे कुठे ते. घरी गेल्यावर कान धरते त्याचा."

काकांना हसू फुटलं. कित्येक दिवसांनी फुटलं, त्यामुळे ते खोकल्यासारखं वाटलं.

"राहून गेलं तिचं," ते म्हणाले. "तो लावणारा मीच. मॅडम आता नाहीत, बाळा."

मुलीनं दप्तर आणखी घट्ट धरलं. मग दोघांनी मिळून कपाट धुंडाळलं. पुस्तकाचं नाव माहीत नव्हतं, त्यामुळे संगणकानंही हात टेकले.

त्या दिवसापासून काका बोट दाखवेनात. कुणी काही विचारलं की उठायचे आणि सोबत चालायचे. टेबलाशी लोक एक विचारायचे आणि बोळात शिरल्यावर दुसरंच. घरी येणाऱ्या गोष्टी तिथे होत्या. बायको नोंद मात्र टेबलावरच्या प्रश्नाचीच करायची.

त्यांनी हे ग्रंथपाल बाईंना सांगितलं.

"मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "शिकत असताना मीही अशीच चालले होते मॅडमबरोबर. नापास झाले होते तेव्हा. पण समितीपुढे हे चालणं मांडू कसं?"

"जसं आहे तसं मांडा."

बाईंनी मांडलं. समितीनं अर्धं ऐकलं. टेबल गेलं. तिथे पाट्या आल्या, माहिती दाखवणारा मोठा पडदा आला. पाट्या नीट होत्या, लोक पटकन पोचत होते. काकांनाही ते मान्य करावं लागलं. पण एक माणूस दिवसभर कपाटांमधून फिरता राहील, ज्याला हवं त्यानं त्याला विचारावं, एवढं समितीनं मान्य केलं. तो माणूस काका.

टेबल उचललं तेव्हा काका तिथे थांबले नाहीत. मागच्या कपाटांत जाऊन ते चित्रांचं पुस्तक शोधत बसले.

ती दप्तरवाली मुलगी येते अधूनमधून. दोघं एकेक कपाट घेतात. आपण असं पुस्तक कुठे लावलं असतं, याचा काका विचार करतात आणि तिकडे बघतात. मग बायको कुठे बघून हसली असती, याचा विचार करतात आणि तिकडेही बघतात. शिक्षण पाहून झालं, भाषा झाली, चित्रकला झाली, लहान मुलांचा विभागही झाला.

"आज बाबांनी हाक मारायला तोंड उघडलं," मुलगी परवा म्हणाली. "आवाज नाही आला."

वरचा मजला पाहायचा राहिलाय. पुस्तक अजून सापडलेलं नाही.