गार्डच्या पेटीचा तुटका कोयंडा

मित्रांनो, मी मालगाडीच्या गार्डची जुनी, काळी लोखंडी पेटी आहे. माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात 'श्यामसुंदर परुळेकर' असे नाव आहे. त्याखाली आधीच्या गार्डांची नावे पुसटशी दिसतात. माझ्या पोटात बावटे, कंदील, मलमपट्टीचे सामान असे.

गार्डचा डबा मालगाडीत सगळ्यात शेवटी. त्यामुळे एक प्रश्न मला कायम छळत आला. पुढच्या त्या बंद डब्यांत असते तरी काय? कधी वाऱ्याबरोबर कांद्याचा वास यायचा, कधी सिमेंटची धूळ अंगावर बसायची. हमाल मला डोक्यावर घेत आणि 'पेटी आहे की म्हैस!' म्हणून करवादत. पण गाडीतून काय आले आणि कोणाच्या घरी गेले, हे कोणी सांगत नसे.

एका दुपारी भांडुपजवळ ते मला कळले. पुढच्या एका डब्याचे दार सरकले आणि पोती धडाधड शेजारच्या रुळांवर पडली. परुळेकरांनी ती पाहताच करकचून ब्रेक लावला. त्या रुळांवरून मागून प्रवासी गाडी येणार होती. तिला थांबवायचा लाल बावटा माझ्या पोटात, मला कुलूप, आणि किल्ली मुलुंडला, घरी, कालच्या सदऱ्याच्या खिशात!

"वाट लागली!" परुळेकर ओरडले. त्यांनी खाली उडी मारून दगड आणला आणि माझ्या कोयंड्यावर घालायला सुरुवात केली. मित्रांनो, मी मजबूत म्हणून नावाजलेली पेटी. त्या दिवशी मात्र मला स्वतःच्या मजबुतीचा राग आला. एकदाचा कोयंडा तुटला. परुळेकर बावटा फडकावत मागच्या दिशेने धावत सुटले आणि प्रवासी गाडी पोत्यांच्या अलीकडे थांबली. मग मी निवांत पाहिले. फाटक्या पोत्यांतून तांदूळ सांडला होता. एवढ्या लोकांचे जेवण इतकी वर्षे माझ्या पुढे धावत होते तर! मला फार आनंद झाला.

पुढे गार्डांना चाकांच्या बॅगा मिळाल्या आणि आम्ही भंगारात निघालो. निवृत्त परुळेकरांनी मला रीतसर विकत घेऊन घरी आणले. आता माझ्यात बॅटरी, दोरी, मलमपट्टी असते. परवा त्यांच्या पत्नी वनमालाबाई नवे कुलूप घेऊन आल्या.

"अहो, कोयंडा जोडून आणा ना. बिल्डिंगमधलं कोणीही येऊन बॅटरी नेतं."

"नेऊ दे गं."

नात अपूर्वा माझ्या तुटक्या कोयंड्यावर बोट फिरवत होती. "आजोबा, हे कोणी तोडलं?"

"मी. गाडी थांबवायची होती आणि किल्ली घरी विसरलो होतो."

"मग आजी ओरडली?"

"तिला आजच कळतंय."

वनमालाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "तो सदरा मीच धुवायला काढला होता हो," एवढेच त्या म्हणाल्या. मग त्यांनी नवे कुलूप पिशवीत परत टाकले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर जपा. गंज काढा, तेल द्या. पण वेळेला उपयोगी पडणारी वस्तू इतक्या बंदोबस्तात ठेवू नका, की ती काढायला दगड शोधावा लागेल.