धाकट्याच्या नावानं

म्हातारीला दोन मुलगे होते, आणि दोघेही एका आठवड्यात गेले. गाव मात्र वर्षभर असं वागत होतं, जसा काही तिला एकच होता.

धाकटा सैनिक. सीमेवर गोळी लागून गेला. थोरला वीज कंपनीत वायरमन. सुट्टीवर आला की धाकटा त्याला चिडवायचा, "दादा, मला निदान बंदूक तरी देतात. तू नुसती पक्कड घेऊन मरणाच्या दारात चढतोस." थोरला हसून त्याला एक टपली मारायचा.

धाकट्याला अंत्यसंस्कारासाठी गावच्या मैदानावर आणायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी वादळ झालं आणि मैदानाकडची लाइन तुटली. थोरल्याला कुणी बोलावलं नव्हतं. तोच उठला. "माझा भाऊ येतोय, त्याला काय अंधारात उतरवायचं?" म्हणाला आणि गेला.

वायरमन लोकांचा एक साधा नियम असतो. खांबावर चढण्याआधी सबस्टेशनच्या ऑपरेटरला सांगून लाइन बंद करायची, आणि चढला त्यानेच खाली उतरून स्वतःच्या तोंडाने ‘सोड’ म्हटल्याशिवाय ऑपरेटरने तिच्यात वीज सोडायची नाही, मग सांगणारा कितीही मोठा असो. त्या दिवशी फोन आला गावच्या पुढाऱ्याचा, जो पुढे धाकट्याच्या स्मारक समितीचा अध्यक्ष झाला. माइक तपासायचाय, उद्या बडे पाहुणे आहेत, सोड लाइन. आणि त्या शेळपट ऑपरेटरने ती सोडली. थोरला वरच होता.

कंपनीने हात झटकले. कर्मचारी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे दगावला, म्हणे! ऑपरेटर एकदा म्हातारीकडे आला, तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला, सगळं खरं सांगून गेला. त्यानंतर त्याने जी मिठाची गुळणी धरली, ती धरलीच. म्हातारीला आता दुसरं काही नको होतं. आपला थोरला निष्काळजी नव्हता, एवढं कुणीतरी चारचौघांत म्हणावं.

वर्ष झालं तेव्हा अध्यक्ष घरी आला. चौकात धाकट्याच्या नावाची कमान उभी राहिली होती.

"मावशी, उद्घाटन तुमच्याच हातून. वीरमाता आहात तुम्ही!"

"आणि थोरल्याची कोण आहे मी?"

स्वयंपाकघराच्या दारात थोरली सून उभी होती. तिला आमंत्रण नव्हतं. तिच्याकडे न बघता अध्यक्ष म्हणाला, "मावशी, तो अपघात होता हो. हा देशासाठी गेला. दोघांना एका पंगतीत कसं बसवणार?"

"लहानपणापासून एका ताटात जेवलेत ते. तुम्ही कोण वेगळं बसवणारे?"

अध्यक्ष समजूतदारपणे हसला. त्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती म्हणाली, "येते मी. चार शब्द बोलायला द्या मला."

"बोला ना! लोकांनाही बरं वाटेल."

चौक माणसांनी फुलला होता. म्हातारीने सुनेचा हात धरून तिला व्यासपीठावर नेलं. अडवायची कुणाची टाप नव्हती. फीत कापली, टाळ्या झाल्या, माइक तिच्या हातात आला.

"माझा धाकटा शूर होता," ती म्हणाली. पुन्हा टाळ्या. "थोरलाही होता. तो निष्काळजी नव्हता. त्याने लाइन बंद करूनच काम धरलं होतं. तो वर असताना ती कुणी सोडायला लावली, ते सांगणारा इथंच बसलाय." तिने पाचव्या रांगेकडे बोट केलं. "ऊठ रे. माझ्या घरी येऊन रडलास ना? आता इथं सांग. कुणाचा फोन होता?"

ऑपरेटर उठला. त्याने अध्यक्षाकडे बघितलं, मग म्हातारीकडे, आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात अध्यक्षाने हात उंचावला आणि धाकट्याचं नाव घेऊन ओरडला, "अमर रहे!"

लोकांना काय, तेवढंच हवं होतं. "अमर रहे! अमर रहे!" पोरंसोरं, म्हातारेकोतारे, सगळे घसा फोडून ओरडायला लागले. कुणाच्या मनात पाप नव्हतं. कित्येकांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. ऑपरेटरचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही ऐकू येत नव्हता. थोडा वेळ हलले, मग मिटले. तो खाली बसला.

घोषणा थांबेनात. धाकट्याचं नाव कानावर आदळत राहिलं. पाळण्यात असताना तिनेच ठेवलेलं ते नाव. गेलं वर्षभर ते कुणीही घेतलं की तिला बरं वाटायचं. आज तिला वाटलं, धाकट्याने गप्प बसावं. मेलेल्या पोराचा तिला संताप आला, आणि ज्यांनी हे आपल्याला वाटायला लावलं त्या माणसांना ती जन्मात क्षमा करणार नव्हती.

तिने माइक अध्यक्षाच्या छातीवर आपटला.

"मेल्या," ती म्हणाली, "माझ्याच लेकाच्या हाताने माझ्या लेकाचं तोंड दाबलंस."

तेही कुणाला ऐकू गेलं नाही. फक्त शेजारी उभ्या असलेल्या सुनेने ऐकलं.