माय अंकल

पॅकिंगच्या मशीनचा पट्टा तुटला, तेव्हा हेड ऑफिसला इंग्रजीत मेल मीच पाठवला. इंग्रजी मी मोबाईलवर बघून बघून शिकलोय. आमच्या सुपरवायझरना सगळे काकाच म्हणतात, म्हणून मी बिनधास्त लिहिलं, ‘माय अंकल स्टॉप्ड द मशीन.’

दुसऱ्या दिवशी मॅनेजर मॅडमनी वर बोलावलं.

“एका खात्यात नातेवाईक चालत नाहीत, माहितीये ना? हेड ऑफिस विचारतंय, हा तुझा काका कोण?”

माझी नोकरी गेली तर गेली, पण काका आता रिटायर व्हायला आलेत.

“मॅडम, ते नात्यातले नाहीत. सगळेच त्यांना काका म्हणतात.”

“पकडल्यावर असंच सांगतात.” त्यांनी फोन उचलला. “जरा काकांना वर पाठवा.”

बोलल्या आणि फोन ठेवता ठेवता स्वतःच थबकल्या. मी हसलो असतो तर मेलोच असतो.

“बरं, नवीन मेल लिही,” त्या गुरकावल्या. “आधी मिस्टर, मग आडनाव, मग सुपरवायझर. अंकल घरी.”

मी मिस्टर टाइप केलं आणि तिथेच अडकलो. रोज ज्यांच्या डब्यातलं खातो, त्यांचं आडनावच मला माहीत नव्हतं. मॅडमकडे बघायची हिंमत होईना.

तेवढ्यात काका धापा टाकत आत आले. “काय घोळ घातलास रे बाळा?”

“काका,” मी अगदी हळू विचारलं, “तुमचं आडनाव काय?”

मॅडमनी ते ऐकलंच. “जा दोघं. आता पटलं मला.”