खंदकात पडलेला अत्तरवाला

दिगंबररावांनी तीन फासे टेबलावर टाकले, बोटाने ठिपके मोजले आणि चष्म्यावरून पाहत जाहीर केलं,

“चौदा. तुमच्या मुरादमध्ये जीव बारा. मेला तो.”

शमशुद्दीनभाईंचा हात गोष्ट सांगता सांगता हवेतच राहिला. “अहो, पण बुरुजावरून पडता पडता त्यानं घारीचा पाय धरला होता.”

“घारीचा नियम नाही.”

“चालतंय हो काका,” केयूर म्हणाला, “मजा येत होती.”

“चालतंय म्हणणाऱ्यांनी लगोरी खेळावी.”

दर रविवारी सकाळी कोथरूडच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये हे तिघं गोष्टीचा खेळ मांडत. प्रत्येकाचं एक पात्र. दिगंबररावांनी प्रसंग सांगायचा, अडेल तिथं फासे टाकायचे. केयूरला हाणामारी हवी असे, शमशुद्दीनभाईंना थापा, आणि दिगंबररावांना नियम. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वहस्ते दोनशे बारा पानांचं नियमांचं बाड लिहिलं होतं. मुंगीला शिंक आली तरी त्यात कलम सापडावं. ते दुसऱ्या कुणी उघडलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. म्हणून त्या दिवशी त्यांनी सत्तेचाळीसावं कलम उभं राहून वाचलं: पडल्यास दर दहा हात उंचीला एक फासा मार, बुरूज तीस हात. शमशुद्दीनभाई मान खाली घालून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिले. दोन वर्षं जगवलेल्या मुराद अत्तरवाल्याचा कागद त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

तिसऱ्या सोमवारी दिगंबररावांनी सहज बाडातलं ते सत्तेचाळीसाव्या कलमाचं पान उलटलं. मागच्या बाजूला, त्यांच्याच वळणदार अक्षरात: ‘(ग) पाण्यात पडल्यास मार निम्मा.’

बुरुजाखाली खंदक होता. काठोकाठ भरलेला. प्रसंग सांगताना मगरींसकट त्यांनीच भरला होता. चौदाचे निम्मे सात. मुराद जिवंत होता.

दिगंबररावांचे कान तापले. घरात कुणी नव्हतं, तरी त्यांनी बाड मिटलं. मग पुन्हा उघडलं आणि सदतीस वर्षांच्या नोकरीत जे कधी केलं नव्हतं ते केलं. ड्रॉवरमधून व्हाइटनर काढला आणि (ग)वर फिरवला. फुंकर मारून वाळवला.

दुसऱ्या दिवशी ते कसबा पेठेत, शमशुद्दीनभाईंच्या बाइंडिंगच्या दुकानात गेले. बाडाची शिवण सैल झाली होती, हे खरं होतं. भाई का येत नाहीत ते बघून यावंसं वाटत होतं, हेही खरं होतं.

“या दिगंबरराव. चहा?”

“नको. हे जरा… पुन्हा शिवायचं होतं.”

शमशुद्दीनभाईंनी बाड मांडीवर घेतलं आणि सवयीने पानांवरून अंगठा फिरवत गेले. एका पानावर अंगठा थांबला. वाळलेल्या पांढऱ्या पट्टीवरून पुढे गेला, परत आला.

“हे असंच शिवू?” त्यांनी विचारलं.

दिगंबरराव समोरच्या खळीच्या डब्याकडे पाहत राहिले.

“तुम्हांला ठाऊक होतं?”

“पहिल्यांदा मीच शिवलंय ना. शिवताना वाचतो मी.”

“सगळं?”

“दोनशे बारा पानं. सर्दीचं कलम फार आवडलं.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत, भाई?”

शमशुद्दीनभाईंनी दोऱ्याला मेण लावायला घेतलं. “तुम्ही उभं राहून वाचत होतात. चेहरा बघायला हवा होता तुमचा. त्या पोरासमोर कुठं मधेच बोलू?”

दिगंबररावांनी सदऱ्याच्या खिशातलं पेन काढलं. पांढऱ्या पट्टीवर त्यांनी (ग) पुन्हा लिहिला. अक्षर पहिल्यासारखं वळणदार आलं नाही.

ते ओलं असतानाच त्यांनी खाली (घ) काढला आणि वर न बघता, कचेरीतल्या कोरड्या आवाजात विचारलं,

“घार साधारण किती वजन उचलते?”